मधल्या पोर्टचा आवाज

चावी कुणी लावायची नाही, असं मेस्त्रींनी काल संध्याकाळीच बजावलंय. त्यामुळे पांढरी ॲम्बॅसडर पत्र्याच्या शेडपुढे रात्रभर जागची हललेली नाही. डिसेंबरची सकाळ आहे. पिरंगुटच्या पुढे, पौडच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत हे गॅरेज. मागची भातखाचरं कापणी होऊन मोकळी पडलीत, बांधावर पेंढ्याची उडवी रचलेली, डोंगराच्या पायथ्याला अजून धुकं. मेस्त्री बोनेटवरचं दव फडक्यानं पुसतात, बोनेट उचलून दांडी लावतात आणि ताईंकडे बघून मान हलवतात.

ताई साठीच्या आहेत. भूगावला राहतात आणि गाडी स्वतः चालवतात. गाडी १९७२ची, मार्क टू, पुढे चौकड्यांची जाळी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. ताई चोक ओढतात, स्टार्टर मारतात. इंजिन दोन गचके खातं आणि सुरू होतं. त्याच क्षणी डाव्या बाजूनं आवाज येतो, टक-टक-टक-टक, कोरडा आणि भरभर.

"टॅपेट वाजतायत," भाचा म्हणतो. पोरगा आयटीआय करून आलाय, हाताला चपळ आहे. "फेलर गेज आणू का मामा?"

"थांब जरा. आदी ऐक."

भाच्याची शंका रास्त आहे. टॅपेटचं अंतर वाढलं की अशीच टकटक येते, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकलं की तीही अशीच. कितीतरी गाड्यांचे टॅपेट विनाकारण पुन्हापुन्हा सेट केले जातात आणि आवाज जिथल्या तिथे राहतो. मेस्त्री मडगार्डवर बोटानं ताल धरतात. मग लांब दांडीची इन्सुलेटेड पक्कड घेऊन उजव्या बाजूला जातात आणि दोन नंबरच्या प्लगची टोपी उपसतात. इंजिन लंगडतं. आवाजही बदलतो, एक ठोका येतो आणि एक गळतो. टोपी परत बसवून ते तीन नंबरची काढतात. पुन्हा तेच, अर्धे ठोके गायब. एक नंबरची काढली तर इंजिन तसंच लंगडतं, पण ठोके सगळेच्या सगळे ऐकू येतात.

"टॅपेट आसता तर टोपी काढून त्याला काय फरक पडला नसता," मेस्त्री म्हणतात. "वायर काढली तरी झडप उघडतीच की. ह्यो मधला पोर्ट."

यामागचं गणित सुरेख आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक झडप दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडते, म्हणून एक सैल टॅपेट दोन फेऱ्यांत एकदाच वाजतो. ॲम्बॅसडरच्या हेडला डाव्या अंगानं पाचच तोंडं आहेत. दोन इनटेकची, त्यातलं प्रत्येक दोन-दोन सिलिंडरांत वाटलेलं, आणि तीन एक्झॉस्टची. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतःचं तोंड आहे, दुसरा आणि तिसरा मिळून मधल्या एका तोंडातून धूर सोडतात. फायरिंग एक-तीन-चार-दोन या क्रमानं होतं. त्यात तीन आणि दोन यांच्यामध्ये बरोबर एका फेरीचं अंतर पडतं. म्हणजे मधल्या तोंडातून प्रत्येक फेरीला एक फुंकर सुटते, टॅपेटच्या दुप्पट वेगानं. मेस्त्री हे आकडे कधी मांडत नाहीत. मडगार्डवरच्या बोटाला ते ठाऊक आहेत.

आता ते उदबत्ती पेटवतात. धूर सरळ वर जात असतो. उदबत्ती मॅनिफोल्डच्या कडेनं पुढून मागे सरकते, आणि मध्यावर आल्याबरोबर धुराची रेघ तुटते, बाहेरच्या बाजूला फेकली जाते, पुन्हा पुन्हा. भाचा वाकून बघतो. तिथे हेडच्या बिडावर काजळीचा काळा फराटाही उमटलाय.

पाच-सात मिनिटं होतात आणि आवाज मंदावतो. आणखी थोड्या वेळानं जवळपास थांबतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. बीड तापून फुगतं, फट आवळली जाते, आणि गाडी आपोआप बरी झाली असं वाटतं. रात्रभर गार पडलेलं इंजिन मेस्त्रींना हवं होतं ते यासाठीच.

"घाट उतरताना पायाखालचं सोडलं की मागं फटाके वाजतात का?" ते ताईंना विचारतात.

"वाजतात ना. ताम्हिणीत तर फारच. आणि मेस्त्री, चांदणी चौकात गर्दीत अडकले की डोकं धरतं हल्ली."

मेस्त्रींचा चेहरा बदलतो. फटाक्यांचं कारण साधं आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मॅनिफोल्डमध्ये क्षणभर ओढ तयार होते, फटीतून बाहेरची ताजी हवा आत शिरते, न जळलेलं पेट्रोल तिच्याशी मिळून सायलेन्सरमध्ये पेटतं. त्यानं गाडीचं फारसं बिघडत नाही. डोकं धरतं ही गोष्ट मात्र गंभीर आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटीनं घट्ट धरून ठेवतं. मॅनिफोल्डमधून फुटलेला वायू बोनेटखाली साठतो आणि पन्नास वर्षांच्या गाडीच्या फायरवॉलला, वायरी आणि केबल जिथून आत येतात तिथे, फटी असतातच. जुन्या गाड्यांच्या हौसेत रंग, क्रोम आणि सीटकव्हर यांवर जितका पैसा जातो, त्याच्या निम्म्यानं जरी लक्ष मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या सहा नटांकडे गेलं तरी किती डोकेदुख्या वाचतील. मला हे मनापासून वाटतं. दुरुस्ती आधी सुरक्षिततेची, मग देखणेपणाची.

"काच उघडी ठेवून घरी जा आसं पण म्हणनार नाय मी," मेस्त्री म्हणतात. "गाडी हितंच राहू द्या."

काल रात्री नटांवर डिझेल सोडून ठेवलेलं आहे. इंजिन आता गार व्हायला हवं, कारण तापलेल्या बिडावरचे नट सोडवले तर आटे खरवडून निघतात. मधल्या वेळात चहा येतो आणि ताई बोलत राहतात. गाडी पन्नाशी ओलांडून गेल्यामुळे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करा, असं त्यांना अनेकांनी सुचवलंय. २०२१च्या नियमांनी ती सोय झाली, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण मग गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, असल्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. "मला पौडच्या बाजाराला जायचं असतं," ताई म्हणतात. "शोकेसमधली गाडी घेऊन काय करू?"

मेस्त्री पुण्यात शिकले, सरकारी खात्यांच्या ॲम्बॅसडरवर. त्या काळी महाराष्ट्रात मध्यमवर्गीयाच्या दारात फियाट असायची, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात बनवलेली. ॲम्बॅसडर यायची ती कलेक्टर, कारखान्याचे चेअरमन आणि मंत्री यांच्याबरोबर. तिचं हे १४८९ सीसीचं इंजिन मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सीरिज म्हणून ओळखलं जाणारं. ते बंगालात उत्तरपाड्याला आलं. याच घराण्यातलं मोठं भावंड इंग्लंडात एमजीबी या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसलं. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली थांबला. सुटे भाग मात्र अजून फिरतायत. नवं पॅकिंग नाना पेठेतून आलंय, एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला मऊ थर.

दुपार होता होता काम सुरू होतं. बॅटरीची वायर सुटते. एअर फिल्टर निघतो, कार्ब्युरेटर निघून शेडच्या आत फळीवर जातो, पेट्रोलच्या नळीच्या तोंडात बोल्ट खोचला जातो. खालच्या पाइपचा जोड भाचा गाडीखाली शिरून सोडवतो. मग सहा नट. चार पितळी आहेत, मूळचे. पितळ पोलादी स्टडला गंजून चिकटत नाही, म्हणून कारखान्यानं ते दिले होते. उरलेले दोन कुणीतरी कधीतरी साधे लोखंडी बसवलेत. पितळी चारही हलक्या हातानं येतात. लोखंडातला एक कुरकुरत सुटतो. सगळ्यात मागचा अर्धा आटा फिरतो, थांबतो, आणि स्टड हेडच्या तोंडाशी मोडतो. त्याचा आवाज बारीक आहे, पण शेडमधल्या सगळ्यांनी तो ऐकलाय.

भाचा ड्रिलकडे बघतो. मेस्त्री नको म्हणतात. ड्रिल जरा तिरकं गेलं तर हेडमधले आटे जातील, आणि हेड उतरवायचं म्हणजे वेगळंच प्रकरण. ते मॅनिफोल्ड उतरवून घेतात, पोर्टांत फडक्यांचे बोळे कोंबतात, वाळूची बादली शेजारी ओढतात. मोडक्या बुंध्यावर एक नट ठेवून त्याच्या पोटातून वेल्डिंगचा टाका मारतात. नट लालसर होतो. त्यावर ते मेणबत्ती टेकवतात. मेण चर्र करून वितळतं आणि आट्यांच्या फटीत ओढलं जातं. पाना लागतो. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. कुठेही जोर नाही. मग बुंधा गंजाची भुकटी सांडत सरळ बाहेर येतो, आणि भाचा तो हातात घ्यायला जातो.

"आरं गरम हाय!"

पोरगा हात मागे घेतो. हसतो. मेस्त्री हसत नाहीत.

जुनं पॅकिंग खरवडायच्या आधी मेस्त्री ते पाण्यानं भिजवतात. अशा जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. कोरडं खरवडलं किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवलं की त्याचे तंतू छातीत जातात. कितीतरी गॅरेजांत मी ही धूळ फुंकून उडवताना पाहिलीय. इथे ओला लगदा पिशवीत भरून तोंड बांधून ठेवला जातो, आणि त्याबद्दल कुणी काही बोलतही नाही. ही सवय मला या माणसाच्या सगळ्या कौशल्यापेक्षा मोठी वाटते.

मधल्या तोंडाशी पॅकिंग जळून गेलेलं दिसतं. त्यावर पूर्वी कुणीतरी थापलेली पेस्ट, तिचाही भुगा झालेला. कारण सापडलं, आता नवं पॅकिंग लावायचं, असं मला वाटतं. पण मेस्त्री मॅनिफोल्ड उन्हात नेतात, तारेच्या ब्रशनं घासून लख्ख करतात आणि फडताळातून रॉकेलची बाटली काढतात. रॉकेल आता सहजी मिळत नाही, ही बाटली जपलेली आहे. ते ब्रशानं बिडावर रॉकेल लावतात. थोडा वेळ जाऊ देतात. कोरड्या फडक्यानं पुसून घेतात आणि वर खडूची पूड पसरतात. आम्ही चौघे त्या पांढऱ्या लोखंडाकडे बघत उभे राहतो. काही होत नाही. मग मधल्या फाट्याच्या बुडाशी, जिथे तो मुख्य नळीला मिळतो, पांढऱ्यावर एक बारीक ओलसर रेघ उमटायला लागते. बोटाच्या दोन पेरांएवढी. फटीत शिरलेलं रॉकेल परत बाहेर येतंय.

"क्रॅक," भाचा हळूच म्हणतो.

पॅकिंग जळण्याचं कारण आता कळतं. फूटभर लांबीचं बीड चारशे अंशांनी तापलं तर ते मिलिमीटरहून जास्त वाढतं. शेजारचं हेड पाण्यानं गार ठेवलेलं, ते तेवढं वाढत नाही. दोघांच्या या ओढाताणीत मॅनिफोल्ड दर वेळी पॅकिंगवरून सरकतं आणि परत येतं. सरकायला जागा मिळाली नाही, लोखंडी नट गंजून जाम झाले, की बीड वाकतं किंवा तडकतं. मधल्या तोंडातून दोन सिलिंडरांची आग जाते, म्हणून ताण तिथेच सर्वांत जास्त.

ताई विचारतात, भंगारातून दुसरं मिळेल का. जुन्या बाजारात मिळेल, मेस्त्री म्हणतात, पण तेही इतक्याच वयाचं आणि त्याची कुंडली कुणाला ठाऊक. पातळ नळ्या वाकवून नवीन हेडर बनवून देणारेही पुण्यात आहेत. ताई मान हलवतात. मेस्त्री फोन लावतात आणि पिरंगुटहून वेल्डरकाकांना बोलावून घेतात.

काकांचं आयुष्य पंपांची आणि उसाच्या चरकांची बीडं जोडण्यात गेलंय. ते मॅनिफोल्ड हातात घेऊन नखानं टिचकी मारतात, आवाज ऐकतात. मग सांगतात की पितळेचं झाळकाम इथे चालणार नाही. पितळ झटकन बसतं, पण एक्झॉस्टच्या तापाला मऊ पडतं. इथे बिडाला बीडच पाहिजे. त्यासाठी अख्खा तुकडा आधी तापवावा लागणार.

शेडमागे विटा रचून भट्टी तयार होते. दरम्यान भाचा तडीच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडतो, तड पुढे पळू नये म्हणून, आणि ग्राइंडरनं तिच्यावर व्ही-आकाराची खाच काढतो. कोळसे फुलतात. मॅनिफोल्ड त्यात ठेवून वरून पत्रा झाकतात. काका खुर्चीत बसून राहतात. कुणी घाई करत नाही. मधूनच ते पत्रा उचलून बघतात आणि परत झाकतात. सावलीत बिडाला मंद लाली दिसायला लागते, तेव्हाच उठतात.

आता सगळं भरभर होतं. गॅसची ज्योत निळी, टोकदार. काकांच्या डाव्या हातात बिडाची कांडी, तिचं टोक फ्लक्सच्या पुडीत बुडवलेलं. खाचेच्या कडा वितळून चकाकतात, कांडी त्यात विरघळते, काका टोकानं ढवळत मळी वर काढतात. मॅनिफोल्ड भट्टीतच आहे, कोळसे त्याच्या पोटाखाली धगधगतायत. काकांच्या कपाळावरचा घाम पुसायला भाचा पुढे होतो, ते मानेनंच नको म्हणतात. खाच भरून येते, जरा उंचवटा ठेवून.

माझं सगळं लक्ष मात्र पुढच्या गोष्टीत गुंतलंय. भट्टीशेजारी एक मोठा पत्र्याचा डबा ठेवलाय, करड्या मऊ राखेनं भरलेला. भाताच्या तुसाची राख. मुळशीत भात पिकतं, गिरण्यांवर तुसाचे ढीग पडतात, आणि हिवाळ्यात ही राख कुणाच्याही परसात मिळते. काका सांडशीनं लाल मॅनिफोल्ड उचलतात, राखेत घातलेल्या खड्ड्यात ठेवतात आणि वरून हातभर राख लोटतात. त्याच क्षणी सगळी धग नाहीशी होते. मी डब्यावर तळहात धरतो, वरच्या राखेला ऊब लागत नाही.

तुसात सिलिका फार. जळून उरते ती राख जवळपास सगळी सिलिकाच असते, आणि तिच्या कणाकणात हवा अडकलेली, त्यामुळे उष्णता तिच्यातून फार सावकाश वाट काढते. पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या पोलादावर हीच राख पसरतात. बीड झटपट गार झालं तर त्यातला कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा पडत नाही. पांढरं, काचेगत कडक बीड तयार होतं. त्याला ना कानस लागते ना ड्रिल, आणि पहिल्याच तापात ते पुन्हा तडकतं. हे धातुशास्त्र पुस्तकात आहे. काकांनी पुस्तक वाचलेलं नाही. पूर्वी चुना वापरायचो, ते सांगतात, पण राख बरी, चुना हाताला खातो.

"उद्या सकाळपतुर कुनी उकरायचं नाय," ते भाच्याला दटावतात आणि चहाला बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखेतून निघालेलं मॅनिफोल्ड हाताला जेमतेम कोमट लागतं. काका कानस घेऊन जोडावर एक ओढ मारतात. कानस धरते, करडा चुरा पडतो. ते कानस खाली ठेवतात. पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. या वेळी पांढरं ते पांढरंच राहतं.

पण तापवल्यानं बीड थोडं वाकलंय. सरळ पट्टी तोंडांवर आडवी धरली की मागच्या टोकाला फेलर गेजचं ०.४ मिलिमीटरचं पान आरपार जातं. मॅनिफोल्ड पिरंगुटच्या एका वर्कशॉपात सरफेस ग्राइंडरवर जाऊन येतं, तिन्ही तोंडं एका पातळीत. आता सारं जमलं असं वाटतं, आणि इथेच मेस्त्री सगळ्यात जास्त वेळ घालवतात. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला, एकाच पॅकिंगवर बसतात. मधल्या चार स्टडवर जाड, रुंद वायसर असतात, आणि एकेक वायसर अर्धा इनटेकच्या कानावर, अर्धा एक्झॉस्टच्या कानावर बसून दोघांना मिळून दाबतो. एक्झॉस्ट घासून पातळ झालं, आता इनटेकचा कान त्याच्यापेक्षा जाड राहिला. नट आवळला की वायसर तिरका होणार, सगळा दाब इनटेकवर जाणार आणि एक्झॉस्ट सैल राहणार. नवं पॅकिंग घातल्यावर महिन्याभरात पुन्हा टकटक सुरू होते, ती पुष्कळदा यामुळे. दोष मग पॅकिंगला दिला जातो.

मेस्त्री व्हर्नियरनं दोन्ही कानांची जाडी मोजतात आणि भाच्याला आकडे पत्र्याच्या भिंतीवर खडूनं लिहायला लावतात. मग इनटेक शिकंज्यात धरून त्याच्या कानाची बाहेरची बाजू कानशीनं उतरवतात. पाच-सहा ओढी, माप. पुन्हा ओढी, माप. बाहेर रस्त्यावरून मुळशीकडे जाणाऱ्या मोटारींची रांग लागलीय, शनिवार आहे. आत कानशीचा एकसुरी आवाज. चारही जागी कान एका जाडीत येईपर्यंत दुपार कलते. हे काम बिलात दिसणार नाही. गाडी बघायला येणाऱ्या कुणालाही ते दिसणार नाही.

बसवताना मात्र गाडी पटकन पुरी होत जाते. नवे स्टड, आट्यांवर ग्राफाइटचं ग्रीस. पॅकिंगची पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडे. का, हे मेस्त्री भाच्यालाच विचारतात.

"मॅनिफोल्ड सरकतं. पत्र्यावरून सरकंल, मऊ थर फाटायचा नाय."

"बराबर."

सहाही नट पितळी. आधी हातानं टेकवायचे, मग मधून सुरुवात करून एकदा पुढचा, एकदा मागचा, असं टोकांकडे जायचं. शेवटची आवळण टॉर्क पान्यानं, सुमारे १५ फूट-पौंड. इतका अनुभवी माणूस हातावर का विसंबत नाही, असं मी विचारतो. मेस्त्री सांगतात, फुंकणाऱ्या पॅकिंगला बघून हात आपोआप जास्त जोर लावतो, आणि बिडाचा कान तुटतो तो अशाच वेळी.

संध्याकाळी इंजिन एकदा सुरू होतं. बोटांचं ग्रीस आणि तेल जळून मॅनिफोल्डवरून निळसर धूर निघतो, काही मिनिटांत विरतो. उदबत्ती मध्यावर येते, तिची रेघ मोडत नाही. भाचा सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरतो. इंजिन गुदमरतं, खाली उतरतं, पण बोनेटखाली फुसफुस कुठेच नाही. मेस्त्री इंजिन बंद करतात. रात्रभर गार होऊ दे म्हणतात. नवं पॅकिंग पहिल्या तापात बसतं, नट त्यानंतर पुन्हा आवळावे लागतात.

आणि खरंच, रविवारी सकाळी गार इंजिनावर पाना लावल्यावर मधले दोन नट थोडे फिरतात. बाहेरचे जागच्या जागी. मग ताई चोक ओढतात. मी कान देऊन ऐकतो. पंख्याचा आवाज, टॅपेटची हलकी, नेहमीची कुजबुज, कार्ब्युरेटरचं हवा ओढणं. डाव्या बाजूला काही नाही. मेस्त्री मडगार्डवर बोट टेकवून उभे आहेत, ताल धरण्यासारखं काही सापडत नाही म्हणून बोट उचलून घेतात.

गाडी घेऊन आम्ही ताम्हिणीच्या दिशेनं निघतो. ताई गाडीवर, मेस्त्री शेजारी, मी आणि भाचा मागच्या लांबलचक सीटवर. पौड मागे पडतं. माले आल्यावर गाडीतलं बोलणं थांबतं, पुढे धरणाचं पाणी दिसायला लागतं. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते त्याच लढ्यात. त्या लढ्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यात मेस्त्रींचे पणजोबा होते. ते एवढंच सांगतात आणि पुन्हा डॅशबोर्डकडे बघायला लागतात. तिथे भाच्यानं ऑनलाइन मागवलेला कार्बन मोनॉक्साइडचा छोटा मीटर ठेवलाय. नाकाला जे कळत नाही ते नाकानं तपासून उपयोग नाही, म्हणून. काचा मुद्दाम बंद केल्यात. मीटरवर शून्य आहे, आणि घाट सुरू होईपर्यंत शून्यच राहतं.

उताराला ताई तिसरा गिअर टाकतात आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढतात. इंजिन गाडीला आवरून धरतं, एकसंध घुमत खाली येतं. एक वळण जातं, दुसरं जातं. सायलेन्सर गप्प आहे. ताई आरशातून मागे बघतात, आमच्या चेहऱ्यांवर काही दिसतंय का म्हणून, आणि तिसऱ्या वळणावर मोठ्यानं हसतात.

"वाजत नाही हो मेस्त्री!"

"दोनशे किलोमीटर झालं की परत आना. गार आसताना नट एकदा बगायचं," मेस्त्री म्हणतात. "आन पीयूसी नवीन काढा. आदीचं धरू नका."

"का? त्यात तर पास झाली होती."

"फटीतनं हवा आत जात होती, ताई. धुरात हवा मिसळली की कार्बनचा आकडा कमी दिसतो. इतक्या जुन्या गाडीला तीन टक्क्यांपर्यंत चालतं, पन आपला खरा किती त्ये आता कळंल. जास्त आला तर कार्ब्युरेटर सेट करू."